साधं आणि स्वस्त कॅबिनेट घेताय? या चुका टाळा

आपल्याकडे संगणकाच्या अख्ख्या डब्यालाच, म्हणजे कॅबिनेटलाच, ‘सीपीयू’ म्हणतात. ‘सीपीयू टेबलाखाली सरकव’, ‘सीपीयूवर जरा फडकं मार’. ही चूक निरुपद्रवी आहे, ती सुधारत बसणं मी केव्हाच सोडून दिलं. माझा राग आहे तो खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर हे नीट ठाऊक असलेल्यांवर. प्रोसेसर कुठला घ्यावा यावर ही मंडळी दोन आठवडे व्हिडिओ बघतात, रॅमच्या स्पीडवरून मित्रांशी भांडतात आणि कॅबिनेट मात्र फोटो बघून पाच मिनिटांत मागवतात. मग आठवडाभरात मला फोन येतो.

गेली वीसेक वर्षं मी ओळखीपाळखीत पीसी जोडून देतोय. हा माझा धंदा नाही, खोड आहे. सुरुवातीला ती बेज रंगाची कॅबिनेटं असायची, आत हात घातला की पत्र्याच्या कडेनं एखादं बोट हमखास कापायचं. मग काळी आली, मग दिवाळीच्या माळांसारखी लुकलुकणारी आली. आता लोकांना त्या माळांचा कंटाळा आलाय आणि मागणी एकच असते: ‘चमकधमक नको, साधं, मिनिमल पाहिजे आणि स्वस्तात.’ मागणी झकास आहे, मलाही तेच आवडतं. फक्त साधं दिसणारं आणि साधं असणारं या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बहुतेक जण पहिली घेऊन येतात.

गुळगुळीत पुढचा भाग: सगळ्यात महागात पडणारी चूक

यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

माझा एक मावसभाऊ अकोल्याला असतो. त्यानं हौसेनं पीसी जोडला. प्रोसेसर आय५-१२४००, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०, बाकीचंही सगळं व्यवस्थित. कॅबिनेट पांढरंशुभ्र, समोरून फ्रिजच्या दारासारखं सपाट, एक रेघ नाही की एक भोक नाही. फोटो पाठवला तेव्हा मीही म्हटलं, छान दिसतंय. चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं की बाबा, हवा कुठून जाणार?

मे महिन्यात त्याचा फोन आला. ‘दादा, गेम लावला की वीस मिनिटांनी फ्रेम पडायला लागतात, आणि पंखे असे ओरडतात की आई बाहेरून विचारते काय चाललंय.’ मी म्हटलं, उन्हाळा आहे, बघू. तोवर त्यानं स्वतःचे इलाज सुरू केले होते. विंडोज पुन्हा टाकली. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरच्या मधली थर्मल पेस्ट दोनदा बदलली. ड्रायव्हर जुने टाकले, मग नवे टाकले. शेवटी तीन पंख्यांचा रंगीत संच आणला आणि त्या बंद दाराच्या मागे बसवला. भिंतीकडे तोंड करून टेबलफॅन लावल्यासारखंच झालं ते. आवाज वाढला, तापमान जागच्या जागी.

त्याच महिन्यात अकोल्याला एका लग्नाला जाणं झालं. बाहेर ४४ अंश, खोलीत वाळ्याच्या कूलरनं कसंबसं ३४-३५. मी त्याला गेम लावायला सांगितला, स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे लावले आणि पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. कार्ड ८४ वर जाऊन अडकलं होतं. मग खाली बोटं घालून कॅबिनेटचा पुढचा प्लास्टिकचा भाग खेचून काढला. दुसरं काहीही केलं नाही. दहा मिनिटांत कार्ड ७३ वर आलं आणि पंख्यांचा आवाज इतका उतरला की मागे कूलरचा पंप ऐकू यायला लागला. भाऊ माझ्याकडे असा बघत होता की जणू मी अंगारा फुंकला.

यात अंगारा नाही, साधा हिशेब आहे. १२४०० प्रोसेसर जोरात चालतो तेव्हा ११७ वॉटपर्यंत खाऊ शकतो. ३०६० कार्ड १७० वॉट खातं. मदरबोर्ड, रॅम, डिस्क धरून तीनशेच्या वर वॉट. संगणक जी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे जुने पिवळे १०० वॉटचे तीन बल्ब पेटवून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे आणि वर झाकण लावायचं. त्या गुळगुळीत कॅबिनेटला हवा घ्यायला कडेनं एक करंगळी जाईल एवढी फट होती, तिच्यातही धुळीचा थर. पंखे कितीही लावा, फटीतून जेवढी येईल तेवढीच हवा आत येणार.

कंपन्यांनाही हे पुढे उमगलं. कोर्सेअरचं ४०००डी २०२० साली आलं तेव्हा सोबतच ४०००डी एअरफ्लो आलं. आतला सांगाडा तोच, फरक पुढच्या दाराचा: एकाला सपाट पत्रा, दुसऱ्याला भोकांचा. एनझेडएक्सटीचं एच५१० तर ‘मिनिमल’ म्हणून जगभर गाजलं, पुढून सपाट पत्रा. २०२१ मध्ये त्यांनीच त्याला जाळीचा चेहरा लावून एच५१० फ्लो काढलं. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइननं २०२२ मध्ये नॉर्थ नावाचं कॅबिनेट आणलं, त्याला पुढे लाकडी पट्ट्या आहेत आणि पट्ट्यांच्या मधून हवा आत जाते. ते स्वस्त नाही, पण दिसायला साधं आणि श्वास घेणारं असं दोन्ही जमतं याचा तो पुरावा आहे. आता बाजारात स्वस्तातलीही जाळीवाली साधी कॅबिनेटं भरपूर मिळतात, त्यामुळे ‘बजेटमध्ये बसत नव्हतं’ ही सबब मी ऐकून घेत नाही.

जाळी जाळी म्हणतात तिच्यातही खोट असते. काही ठिकाणी बाहेरून जाळीचं डिझाइन आणि आत सलग प्लास्टिक असतं. फोटोत ते कळत नाही. दुकानात असाल तर मोबाइलचा टॉर्च पुढच्या भागाच्या मागून धरा. उजेड आरपार आला तर हवाही येईल. घरी असाल तर माझी जुनी युक्ती: पीसी चालू करून पुढच्या भागापासून चार बोटांवर पेटती उदबत्ती धरायची. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. धूर आपला छताकडे निघाला तर समजायचं की पंखे नुसते फिरतायत. मागच्या पंख्यापाशी धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. तोही आत जात असेल तर पंखा उलटा लागलाय. पंख्याच्या ज्या बाजूला मधल्या मोटरीला धरून ठेवणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूनं सहसा हवा बाहेर पडते. हे एवढं लक्षात ठेवलं की बाण शोधत बसावं लागत नाही.

आणि बंद कॅबिनेट आधीच घेऊन बसला असाल तर? भावाच्या कॅबिनेटचं आम्ही काय केलं ते सांगतो. पुढच्या प्लास्टिकचा मधला भाग हॅक्सॉच्या पात्यानं कापून काढला, कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी आतून चिकटवली. जाळीनं हवा थोडी अडते, पण विदर्भातली धूळ बघता ती हवीच. महिन्यातून एकदा ब्रश फिरवायचा. खर्च शंभर रुपयांच्या आत. ज्यांना कापाकापी नको त्यांनी उन्हाळ्याचे तीन महिने पुढचा भाग काढून माळ्यावर टाकावा. दिसायला वाईट दिसतं, मान्य.

हे सगळं करून लोक ते कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या ‘सीपीयूच्या कप्प्यात’ ठेवतात, तिन्ही बाजूंनी प्लायवूड आणि पुढे दार. त्या कप्प्याची मागची फळी काढा. आजच काढा.

तीन मिलिमीटर

दुसरी लाडकी चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे इथे कुणाला नावं ठेवायची सोय नाही.

कॅबिनेटच्या माहितीत लिहिलं होतं: सीपीयू कूलरची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या, त्याच्यावर बसणाऱ्या पंख्याच्या ठोकळ्याची) उंची जास्तीत जास्त १५५ मिमी. माझ्याकडचा कूलर होता १५८. मी मनात म्हटलं, तीन मिलिमीटरचं काय एवढं, कंपनीवाले थोडी जागा हातची राखूनच आकडा देतात. नाही देत. कूलरच्या वर ज्या तांब्याच्या नळ्यांची टोकं निघालेली असतात ती थेट काचेला टेकली. बाजूला पत्रा असता तर मी तो दाबून, थोडा फुगवून, स्क्रू पिळून बसवला असता. (तेही चूकच, कूलरचा सगळा दाब बोर्डावर जातो.) काच फुगत नाही.

म्हणून ती काच मी भिंतीला टेकवून ठेवली. उद्या दुसरा कूलर बघू असं म्हणत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आई केर काढायला आली, काच उचलली आणि दोन फूट पलीकडे ठेवली. आदळली नाही, नुसती ठेवली. खाली व्हिट्रिफाइड टाइल. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर साबुदाणा सांडावा तसे काचेचे दाणे. आई तशीच उभी, हातात झाडू. ‘मी काही केलं नाही रे.’ खरंच तिनं काही केलं नव्हतं. या टेम्पर्ड काचेचं असंच असतं. सपाट बाजूवर थाप मारली तर काही होत नाही, पण कोपरा किंवा कड टाइलसारख्या टणक वस्तूला टेकताना जराशी ठेच लागली की आतला सगळा ताण एका क्षणात सुटतो आणि अख्खी काच दाणे होऊन खाली येते. ते दाणे पुढे सहा महिने कपाटाखालून निघत होते.

तेव्हापासूनचे माझे दोन नियम. काच काढली की ती गादीवर आडवी ठेवायची. गादी नसेल तर चटईवर गोधडी घडी करून तिच्यावर, पण टाइलवर उभी कधीच नाही. दुसरा नियम असा की काही विकत घेण्याआधी कागदावर तीन आकडे लिहायचे: कूलरची उंची, ग्राफिक कार्डाची लांबी, एसएमपीएसची (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची) लांबी. प्रत्येकाच्या समोर कॅबिनेटचा आकडा. फरक १० मिमीपेक्षा कमी आला की मी ते कॅबिनेट सोडून देतो. मोबाइलच्या नोट्समध्ये नाही, कागदावर. मोबाइलमध्ये लिहिलेलं आपण पुन्हा बघत नाही.

कूलरच्या उंचीसाठी एक ढोबळ अंदाज: कॅबिनेटची रुंदी घ्या, त्यातून साधारण ५० मिमी वजा करा. २१० रुंदीच्या कॅबिनेटमध्ये १६० पर्यंतचा कूलर बसतो. स्वस्त कॅबिनेटं अरुंद असतात, १८०-१९० मिमी. त्यांत उभा टॉवर कूलर बसवायचा नाद सोडा. एएमडीच्या काही रायझन प्रोसेसरांसोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर जेमतेम ५४ मिमी उंच आहे, तो कुठेही मावतो, आणि सहा कोरच्या साध्या प्रोसेसरला पुरतोही.

कार्डाच्या लांबीतली फसगत वेगळी आहे. ‘३२० मिमीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा पुढे पंखा नाही असं धरून. पंखा २५ मिमी जाड असतो. त्याच जागी पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावला तर पंखा धरून ५० मिमीच्या वर जातात. तीन पंख्यांची बरीच कार्डं ३०० मिमीच्या पुढे असतात. हिशेब तुम्हीच करा.

एसएमपीएसची रुंदी-उंची ठरलेली, १५० बाय ८६ मिमी. लांबी मात्र साधारण १४० पासून पुढे कितीही असू शकते, आणि मॉड्यूलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, असेल तर मागच्या कनेक्टरांसाठी आणखी चार-पाच सेंटिमीटर सोडावे लागतात. खाली हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट मारून पक्का केलेला असेल तर वायरी कोंबताना रडू येतं. पिंजरा स्क्रूनं निघणारा आहे का, ते विचारा.

‘साहेब, एसएमपीएस फ्री आहे’

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडेल. दोन हजारांचं कॅबिनेट, आत ४५० वॉटचा एसएमपीएस फुकट. मी तो हातात घेतो आणि स्टिकर वाचतो. दुकानदाराला तेव्हाच कळतं की हे गिऱ्हाईक टिकणार नाही.

स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे तुमच्या कामाचे वॉट १९२, उरलेले कागदावर. शिवाय वजन बघा. एखाद्या धड एसएमपीएसशेजारी तो फुकटवाला उचलून पाहिला तर हातालाच फरक कळतो. इंटरनेट आणि हिशेबाच्या कामाला, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर तो चालून जाईल. कार्ड लावणार असाल तर तो तिथेच परत द्या आणि रिकामं कॅबिनेट किती पडेल ते विचारा. बऱ्याचदा दोन-तीनशे रुपये कमी होतात, यावरून त्या फुकट मालाची किंमत कळते.

पैशांचा माझा अंदाज विचाराल तर एकूण बजेटच्या सात-आठ टक्के कॅबिनेटला द्यावेत, एसएमपीएस वेगळा. पन्नास हजारांच्या पीसीला साडेतीन-चार हजारांचं. सगळं घेऊन झाल्यावर उरलेल्या बाराशे रुपयांत कॅबिनेट शोधणाऱ्यांना मी हल्ली मदत करत नाही. प्रोसेसर तीन-चार वर्षांनी बदलतो. धड कॅबिनेट दहा वर्षं चालतं. माझं चालू कॅबिनेट तीन बोर्ड बघून झालंय.

छोटं म्हणजे स्वस्त, हा भ्रम

टेबलावर मावेल एवढुशी पेटी बघून नवशिके पाघळतात. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिमीचा, गोंडस दिसतो, पण तशाच सोयींच्या, मापानं मोठ्या मायक्रो-एटीएक्स बोर्डापेक्षा महाग पडतो. त्याला बहुतेकदा छोटा एसएफएक्स एसएमपीएस लागतो, तोही महाग. रॅमचे खाचे दोनच. पहिलाच पीसी जोडत असाल तर बोटंही आत जाणार नाहीत. मायक्रो-एटीएक्स घ्या, २४४ बाय २४४ पर्यंतचा बोर्ड आणि त्याच मापाचं कॅबिनेट. स्वस्त आणि सुटसुटीत यांचा मेळ तिथेच बसतो.

त्यातलीही एक बारीक गोष्ट. एच६१० सारखे स्वस्त बोर्ड २४४ पेक्षा अरुंद असतात, त्यांची उजवी कड कुठल्याच खुंटीवर टेकत नाही, अधांतरी असते. त्याच कडेला चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर दाबायचा असतो. दाबताना बोर्ड कसा वाकतो ते एकदा बाजूनं बघा, पोटात गोळा येईल. डाव्या हाताचं बोट बोर्डाखाली घालून आधार द्यायचा, मग उजव्या हातानं दाबायचं. मी तर ती वायर आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर आधीच ओढून जागेवर आणून ठेवतो. आठ पिनांची ती वायर अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते, आणि कूलर बसल्यावर तिथे हात पोचत नाही. एसएमपीएस तळाशी आणि त्याच्या वायरी आखूड असतील तर ती बोर्डामागून पोचतच नाही, मग बोर्डावरून आडवी न्यावी लागते. साध्यासुध्या कॅबिनेटची सगळी शोभा तिथे जाते.

किरकोळ, पण रोजचं

आयओ शील्ड, म्हणजे मागच्या पोर्टांची पत्र्याची चौकट, बोर्डाच्या आधी बसवा. नंतर आठवली तर सगळं पुन्हा उघडायचं.

रंगीत पंखे नको असतील तर रंगीत पंख्यांचे पैसे देऊ नका. ‘बंद करून टाकू’ म्हणणाऱ्यांना पुढे रिमोट सापडत नाही.

सोबत आलेले पंखे जाड मोलेक्स कनेक्टरचे असतील तर ते कायम पूर्ण वेगानं फिरणार. थेट बोर्डावर लागणाऱ्या बारीक चार पिनांचे असतील तर बोर्ड त्यांचा वेग सांभाळतो.

मागच्या कार्डांच्या खाचांवरच्या पट्ट्या स्वस्त कॅबिनेटमध्ये पिळून तोडायच्या असतात, पुन्हा लावता येत नाहीत. एक हवी असताना तीन तोडू नका. त्या भोकातून पाल आत जाते. हा विनोद नाही. रत्नागिरीच्या एका स्नेह्यांच्या एसएमपीएसमधून मी जी काढली तिचं वर्णन करत नाही. कोकणात आणखी एक त्रास: खाऱ्या हवेनं पातळ पत्र्याच्या उघड्या कडा दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस व्हायला लागतात. आतून-बाहेरून नीट रंगवलेलं कॅबिनेट बघा आणि स्क्रू पिळताना रंग खरवडू नका.

पत्रा पातळ असेल, म्हणजे ०.४-०.५ मिमी, तर हार्ड डिस्कनं अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. लोक पंख्याला दोष देतात. हार्ड डिस्कवर हात दाबून बघा, आवाज थांबला तर तीच. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चौकोनी तुकडे कापून स्क्रूखाली वायसरसारखे घालायचे. बाजारात रबरी वायसर मिळतात, पण ट्यूब चांगली.

यूएसबी ३ ची ती जाड निळी वायर बोर्डातून काढताना डावी-उजवीकडे हलवू नका. १९ पिना आहेत आणि एक वाकली की संध्याकाळ गेली.

कॅबिनेटमध्ये घातल्यावर सुरूच होत नाही

टेबलावर चालत होता, कॅबिनेटमध्ये बसवला आणि मेला. हा फोन वर्षातून चार-पाच वेळा येतो आणि कारणं तीनच असतात. तरी लोक आधी बोर्ड परत पाठवायची तयारी करतात. जरा दम धरा.

पहिलं, पितळेची खुंटी. बोर्ड पत्र्यापासून उचलून धरायला षटकोनी खुंट्या असतात. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स मापाचं, बोर्ड मायक्रो-एटीएक्स, आणि एखादी खुंटी अशा जागी राहिली की जिथे बोर्डाला भोकच नाही. ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट होतं. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, ही तिची खूण. एका मित्राकडे याच कारणासाठी मी रात्री साडेअकराला बोर्ड बाहेर काढला होता. त्यानं स्क्रू मोजले होते, खुंट्या मोजल्या नव्हत्या. बोर्डाला भोकं जेवढी, तेवढ्याच खुंट्या. आधी मोजायच्या, मग बोर्ड ठेवायचा.

दुसरं, बटणाच्या बारीक वायरी. पॉवर स्विचला उलटसुलट काही नसतं, कशीही लावा, पण योग्य दोन पिनांवर लावा. एलईडीच्या वायरींना मात्र अधिक-उणं असतं. शंका असेल तर पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा वायरीत.

तिसरं, अडकलेलं रीसेट बटण. स्वस्त कॅबिनेटमध्ये ते प्लास्टिकच्या कडेत रुतून बसतं आणि पंखे फिरले तरी पीसी नीट सुरूच होत नाही. लोक रॅम बदलतात. मी रीसेटची वायर जोडतच नाही. ती मागे मोकळी सोडतो, आणि दोन-चार वर्षांनी पॉवरचं बटण खराब झालं की पॉवरच्या पिनांवर तीच लावतो. आमच्या घरातल्या दोन पीसींना गेली काही वर्षं रीसेटचं बटण दाबूनच सुरू करतात. पाहुण्यांना कळत नाही.

आणि एक तक्रार, जी जुन्या वाड्यांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून हमखास येते: ‘कॅबिनेट झिणझिण्या देतं, बदलून द्यायला सांगू का?’ नका सांगू, नव्यातही तेच होईल. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. भिंतीत अर्थिंगच नसेल तर ती गळती जाणार कुठे? कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसती चुणचुण लागते. पायात चप्पल असेल तर तीही लागत नाही, म्हणून घरातली अर्धी माणसं म्हणतात ‘आम्हाला तर काही होत नाही’. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून चालवणाऱ्यांचंही तेच. वायरमन बोलवा, सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तोवर फेज टेस्टर कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावून बघा, दिवा मंद लागेल. वायरमनला तो पेटलेला दिवा दाखवा, नाहीतर तो ‘संगणकवाल्याला बोलवा’ म्हणून निघून जातो.